आयरिश आणि स्कँडिनेव्हियन आडनावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंड, नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आणि आइसलँड येथील आडनावांविषयी वाचक पुन्हापुन्हा विचारत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे आणि जो मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आयरिश शब्दांची देवनागरी रूपे उच्चाराच्या जवळपास जाणारी आहेत, कारण त्या भाषेत लेखन आणि उच्चार यांत इतके अंतर आहे की अक्षरांबरहुकूम लिप्यंतर केल्यास वाचक मूळ शब्दापासून आणखीच लांब जाईल.

१. 'ओ'ब्रायन', 'मॅककार्थी' यांतील 'ओ' आणि 'मॅक' म्हणजे नेमके काय?

'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू, किंवा अधिक व्यापक अर्थाने वंशज. 'ओ'चे जुने रूप 'उआ' असे होते. २ मार्च २०११ रोजी बंगळुरूत इंग्लंडविरुद्ध ५० चेंडूंत शतक ठोकणारा केविन ओ'ब्रायन आपल्या क्रिकेटप्रेमींच्या लक्षात असेल. त्याच्या आडनावाचा शब्दशः अर्थ 'ब्रिअनचा वंशज' एवढाच आहे.

हा 'ओ' म्हणजे इंग्रजीतील 'ऑफ'चा संक्षेप, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. आयरिश लेखनात येथे अपॉस्ट्रॉफी नसतेच. 'ओ'वर दीर्घ उच्चार दाखवणारी तिरकी रेघ असते आणि पुढचा शब्द सुटा लिहिला जातो. अपॉस्ट्रॉफी ही इंग्रजी लेखनाची देणगी आहे आणि तिने संगणकाच्या काळात नवाच घोळ घातला आहे: अनेक ऑनलाइन अर्ज हे चिन्ह स्वीकारत नाहीत, त्यामुळे एकाच माणसाचे आडनाव तिकिटावर एक आणि पासपोर्टवर दुसरे दिसते.

२. ही आडनावे किती जुनी आहेत?

वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात सर्वांत आधी जेथे रुजली, त्या प्रदेशांत आयर्लंडची गणना होते. दहाव्या आणि अकराव्या शतकांत ती स्थिर होऊ लागली. आयरिश बखरींत इ.स. ९१६च्या सुमारास 'उआ क्लेरिग' या नावाच्या एका स्थानिक अधिपतीच्या मृत्यूची नोंद आहे. 'क्लेरिग' म्हणजे धर्मसेवक, आणि आजचे 'क्लिअरी' हे आडनाव त्याच शब्दाचे रूप आहे.

येथे एक गल्लत टाळायला हवी. 'ओ'नील' घराण्याचा संबंध पाचव्या शतकातील दंतकथांनी वेढलेल्या 'नऊ ओलिसांचा नील' या राजाशी अनेकदा जोडला जातो. त्या राजाच्या नावावरून ओळखला जाणारा राजवंश खरोखर होता. पण 'ओ'नील' हे आडनाव निघाले ते इ.स. ९१९ मध्ये डब्लिनजवळ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, सैन्याशी लढताना मारल्या गेलेल्या नील ग्लूनडूव याच्यापासून. ग्लूनडूव म्हणजे काळ्या गुडघ्याचा. त्याचप्रमाणे 'ओ'ब्रायन' हे आडनाव १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मृत्यू पावलेल्या ब्रिअन बोरू या राजाच्या वंशजांचे आहे.

३. इंग्रजीत 'एम-ए-सी' असे लिहिले तर माणूस स्कॉटिश आणि नुसते 'एम-सी' लिहिले तर आयरिश, हे खरे का?

नाही. 'एम-सी' हा त्याच शब्दाचा संक्षेप आहे आणि जुन्या दस्तऐवजांत लेखनिक लहर लागेल तसे दोन्ही वापरत. गेलिक, म्हणजे जुनी आयरिश, भाषा आयर्लंडमधूनच स्कॉटलंडमध्ये पोहोचली, म्हणून 'मॅक' दोन्हीकडे सारखाच आहे. 'ओ' मात्र स्कॉटलंडमध्ये जवळजवळ रुजलाच नाही, त्यामुळे 'ओ' दिसल्यास आयर्लंडकडे बोट दाखवायला हरकत नाही.

४. आयरिश स्त्रियांच्या आडनावात 'नी', 'निक' असे काय लागते?

मुलगी कोणाचा 'मुलगा' किंवा 'नातू' असू शकत नाही, आणि आयरिश भाषा हे तंतोतंत पाळते. 'ओ' आडनावाच्या घरातील मुलीसाठी 'नी' लागते आणि 'मॅक' घरातील मुलीसाठी 'निक'. विवाहानंतर पतीचे आडनाव घेतले तर अनुक्रमे 'ई' आणि 'विक' ही रूपे येतात. शिवाय 'नी' आणि 'निक'पुढे बहुतेक आडनावांचे पहिले व्यंजन मृदू होते. त्यामुळे भाऊ 'ओ ब्रीअन' असेल तर बहीण 'नी व्रीअन' होते आणि त्याची पत्नी 'ई व्रीअन' होते. एकाच घरातील तिघांची आडनावे कानाला वेगळी वाटतात, पण आडनाव एकच असते.

इंग्रजी रूपात हा सगळा भेद पुसला जातो आणि सर्वजण 'ओ'ब्रायन' होतात. त्यामुळे आयरिश भाषेत काम करणाऱ्या स्त्रीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे आढळले, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

५. मर्फी, केली, बर्न यांना 'ओ' का नाही? ती आयरिश नाहीत का?

पूर्णपणे आयरिश आहेत. मर्फी हे तर आयर्लंडमधील सर्वाधिक प्रचलित आडनाव मानले जाते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्रजी सत्ता, इंग्रजी कायदा आणि इंग्रजी कागदपत्रे यांच्या दडपणाखाली गेलिकपणाची खूण ठरणारे हे उपसर्ग मोठ्या प्रमाणावर गळाले. १८९३ मध्ये 'कॉन्रा ना गेल्गे', म्हणजे गेलिक लीग, ही आयरिश भाषेसाठी झटणारी संस्था स्थापन झाली आणि भाषेबरोबर आडनावांचाही अभिमान जागा झाला, तेव्हा अनेकांनी उपसर्ग परत लावले. ओ'सलिव्हन आणि ओ'कॉनर यांच्याबाबतीत हे मोठ्या प्रमाणावर घडले. मर्फी, केली, बर्न यांच्याबाबतीत फारसे घडले नाही.

परत लावताना काहींनी चुकीचा उपसर्गही लावला. गॉर्मन घराणे मुळात 'मॅक'चे होते, पण मधल्या काळात उपसर्गाची आठवण पुसली गेली आणि पुढे त्यांतील अनेकजण 'ओ'गॉर्मन' झाले. म्हणून आजचा उपसर्ग पाहून 'मूळचे हेच' असे ठामपणे म्हणता येत नाही.

६. स्मिथ, किंग, फ्रीमन ही इंग्रजी आडनावे असलेले लोक स्वतःला आयरिश कसे म्हणवतात?

अनेक वाचकांना हा प्रश्न पडतो, कारण आडनावावरून वंश ओळखण्याची सवय आपल्याला फार आहे. आयर्लंडमध्ये ती सवय हमखास फसवते.

१४६५ मध्ये एक कायदा झाला. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील पट्ट्यात, ज्याला 'पेल' म्हणत, राहणाऱ्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यावे आणि ते एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा कामाचे असावे, असे त्यात सांगितले होते. सटन, ट्रिम, कॉर्क ही गावे, पांढरा, काळा, तपकिरी हे रंग, लोहार आणि सुतार हे धंदे, आचारी आणि बटलर ही कामे, अशी उदाहरणेही कायद्यातच दिली होती. त्याची अंमलबजावणी त्या पट्ट्यापुरती आणि तीही अर्धवट झाली. परंतु आयरिश आडनावाचे इंग्रजी भाषांतर करण्याचा प्रघात पुढची काही शतके सुरू राहिला.

'मॅक गावन' म्हणजे लोहाराचा मुलगा. त्याचे कोठे 'मॅकगोवन' झाले, तर कॅव्हन परगण्यात सरळ भाषांतर होऊन 'स्मिथ' झाले. 'मॅक अन तीर' म्हणजे कारागिराचा, सुताराचा मुलगा, म्हणून त्याचे 'कारपेंटर' होणे समजण्यासारखे आहे. पण 'सीर' या मूळ शब्दाचा दुसरा अर्थ 'मुक्त' असाही आहे, आणि तो अर्थ धरून काहींचे आडनाव 'फ्रीमन' ठरले. याच आडनावाचे स्कॉटलंडमधील रूप 'मॅकइंटायर' आहे. 'मॅक कॉनरी' या आडनावाचा राजाशी काहीही संबंध नाही, पण शेवटचा 'री' हा ध्वनी राजा या अर्थाच्या आयरिश शब्दासारखा ऐकू येतो, एवढ्याशा कारणाने पश्चिम आयर्लंडच्या कॉनमारा भागातील अनेक कुटुंबे 'किंग' झाली. अशी चुकीची भाषांतरे विनोदी वाटतात खरी, पण जन्मनोंदीत एकदा लिहिली गेली की तीच कायद्याच्या दृष्टीने खरी आडनावे होतात.

परिणामी आयर्लंडमधील एखादा स्मिथ इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्याचा वंशज असू शकतो किंवा कॅव्हनच्या गेलिक लोहाराचाही. त्याचे कुटुंब कोणत्या परगण्यातील आहे, हे कळल्याशिवाय निर्णय देऊ नये.

७. 'फिट्झ'ने सुरू होणारी आडनावे आयरिश की फ्रेंच?

'फिट्झ' हा फ्रेंच भाषेतील मुलगा या अर्थाच्या शब्दाचा नॉर्मन उच्चार आहे. ११६९ पासून नॉर्मन, म्हणजे आधी इंग्लंड जिंकलेले फ्रेंचभाषक, सरदार आयर्लंडमध्ये उतरले, त्यांच्याबरोबर फिट्झजेराल्ड, बर्क यांसारखी आडनावे आली, आणि काही पिढ्यांत ही घराणी इतकी मिसळून गेली की फिट्झजेराल्डचे आयरिश रूप 'मॅक गेरल्ट' असे झाले. वॉल्श हे आडनावही याच काळातले. त्याचा अर्थ 'वेल्सचा माणूस' असा आहे आणि त्याचे आयरिश रूप 'ब्रॅहनख' हेही तेच सांगते.

फिट्झपॅट्रिक हा ठळक अपवाद आहे. हे घराणे मुळात गेलिक. त्याचे मूळ आडनाव 'मॅक गिला फॉड्रिग', म्हणजे संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. आपल्याकडे रामदास, विष्णुदास अशी नावे ठेवतात, तसा हा 'गिला' शब्द आयरिश नावांत संतांच्या नावाआधी येतो. 'मेलोन'मधील 'मेल' म्हणजे मुंडन केलेला, पर्यायाने भक्त, हा शब्दही त्याच जातीचा आहे. त्या आडनावाचा अर्थ 'संत जॉनच्या भक्ताचा वंशज'.

'फिट्झ' म्हणजे अनौरस संतती, ही समजूत इंग्लंडच्या राजांनी पुढे आपल्या विवाहबाह्य मुलांना फिट्झरॉय, फिट्झक्लॅरेन्स अशी आडनावे दिल्यामुळे पसरली. मूळ शब्दात तसे काहीही नाही.

८. केनेडी म्हणजे 'कुरूप डोक्याचा' असे वाचले. हे खरे असेल तर असे आडनाव कोणी का घेईल?

आडनाव कोणी अर्थ पाहून घेतलेले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. 'केनेडी' हे 'किनेदी' नावाच्या पूर्वजाच्या वंशजांचे आडनाव आहे. त्या व्यक्तिनामाचा पहिला भाग 'डोके' या अर्थाचा आहे, यावर एकमत आहे; दुसरा भाग कोणी 'कुरूप' असा लावतात, तर कोणी 'चिलखत' असा लावून 'शिरस्त्राणधारी' असा अर्थ काढतात. मर्फीच्या मुळाशी 'समुद्र' आणि 'लढाई' या शब्दांपासून झालेले 'समुद्रयोद्धा' हे व्यक्तिनाम आहे. सलिव्हनमध्ये 'डोळा' निश्चित आहे, पण तो काळा की एकच, याविषयी वाद आहे.

थोडक्यात, अशा अर्थांना गणेश किंवा भास्कर या नावांच्या अर्थाइतकेच महत्त्व आहे. भास्कररावांचे नातू सूर्यासारखे तळपतात असे कोणी मानत नाही. अर्थाला खरे वजन येते ते धंद्यांवरून आलेल्या आडनावांत: वॉर्ड म्हणजे भाटाचा मुलगा आणि हिकी म्हणजे वैद्याचा वंशज, आणि ही घराणी खरोखरच पिढ्यान्पिढ्या ते काम करत होती.

९. डॉइल, हिगिन्स, मॅकमॅनस ही व्हायकिंग आडनावे आहेत का?

शब्द नॉर्स आहेत किंवा नॉर्स लोकांविषयी आहेत. घराणी व्हायकिंग होती की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. डॉइलच्या मुळाशी 'काळा परका' या अर्थाचे शब्द आहेत आणि हा 'परका' म्हणजे समुद्रावरून आलेला नॉर्स माणूस. हिगिन्सचे मूळ रूप 'ओ हिगिन'. त्यात 'व्हायकिंग' हाच शब्द आयरिश तोंडी पडून बदलला आहे. मॅकॉलिफमध्ये ओलाफ आहे, आयरिश रेनॉल्ड्समध्ये रॉगनवाल्ड आहे आणि कॉटरमध्ये ऑटर आहे. मॅकलॉक्लिनमधील 'लॉक्लन' हा तर आयरिश भाषेत स्कँडिनेव्हियासाठी असलेला शब्दच आहे.

तथापि, नॉर्स आणि गेलिक घराण्यांत सोयरीक होत होती आणि नावे इकडून तिकडे जात होती. मॅकमॅनसचे उदाहरण पाहावे. नॉर्वेचा राजा मॅग्नूस (कारकीर्द १०३५ ते १०४७) याचे नाव सम्राट शार्लमेनच्या 'कॅरोलुस माग्नुस' या लॅटिन नावावरून ठेवले गेले, असे सागांमध्ये, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथांमध्ये, सांगितले आहे. लॅटिनमध्ये 'माग्नुस' म्हणजे थोर. ते मुळात नाव नव्हे, विशेषण होते. नॉर्स लोकांनी त्याचे नाव केले, ते आयर्लंडमध्ये पोहोचले आणि बाराव्या शतकात टर्लो मोर ओ'कॉनर या गेलिक राजाने आपल्या एका मुलाला ते दिले. आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतातले मॅकमॅनस हे त्या मुलाचे वंशज. म्हणजे लॅटिन शब्द, नॉर्स नाव आणि गेलिक राजकुळ, असा त्या एका आडनावाचा प्रवास आहे. बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसनचे पहिले नावही तेच.

१०. जालियनवाला बागेशी संबंधित डायर आणि ओ'ड्वायर यांचे आडनाव एकच होते का?

नाही, आणि ही गल्लत मराठी लेखनात अजूनही आढळते. गोळीबाराचा आदेश देणारा रेजिनाल्ड डायर हा लष्करी अधिकारी होता. त्याचे आडनाव इंग्रजी असून त्याचा अर्थ रंगारी, म्हणजे कापड रंगवणारा, असा आहे. मायकल ओ'ड्वायर हा त्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता आणि आयर्लंडमधील टिपेररी परगण्यातला होता. त्याचे आडनाव गेलिक. 'ओ दिविर' या मूळ रूपात 'काळा' या अर्थाचा शब्द आहे आणि रंगाऱ्याशी त्याचा संबंध नाही. उधमसिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनमध्ये गोळ्या घातल्या त्या ओ'ड्वायरला. डायर १९२७ मध्येच मरण पावला होता. दोन्ही आडनावांतले साम्य केवळ ध्वनीचे आहे.

११. आयर्लंडच्या माजी पंतप्रधानांचे 'वराडकर' हे आडनाव तिकडचे की आपल्याकडचे?

आपल्याकडचेच. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे पितृघराणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले हे सरळ कोकणी घडणीचे आडनाव आहे.

आयरिश कानाला ते परके वाटले असणार, आणि ते केवळ ध्वनीमुळे नव्हे. गेलिक आडनावे पूर्वजाच्या नावावरून किंवा कामावरून होतात. गावावरून झालेली फारच थोडी. गावावरून आडनाव ही कल्पना ज्यांना चटकन कळेल असे युरोपीय लोक हवे असतील, तर ते नॉर्वेत सापडतील (प्रश्न १३ पाहावा).

१२. शेवटी 'सेन' असेल तर कोणता देश आणि 'सन' असेल तर कोणता?

साधारणपणे 'सेन' डेन्मार्क आणि नॉर्वेचे, तर 'सोन' किंवा 'सन' स्वीडन आणि आइसलँडचे. दोन्हींचा अर्थ 'मुलगा'. स्वीडिश अँडरसनमध्ये 'एस' दोनदा येतो, कारण पहिला 'अँडर्स' या नावाचाच, आणि दुसरा 'सोन'चा. एकच 'एस' असलेला अँडरसन बहुधा ब्रिटिश असतो, किंवा अमेरिकेत जाऊन एक अक्षर गमावलेला स्वीडिश. 'सेन'वरूनही खात्री देता येत नाही, कारण उत्तर जर्मनीतही ते सर्रास आढळते.

ही मुळात पितृनामे होती आणि दर पिढीला बदलत. येन्सचा मुलगा पेडर 'येन्सेन' होई आणि पेडरचा मुलगा 'पेडरसेन'. मुलीला 'डाटर' किंवा 'डोटर' लागे. सरकारांना हे गैरसोयीचे वाटू लागले. डेन्मार्कमध्ये सरदारांना १५२६ मध्येच स्थिर आडनाव घेण्याचा आदेश मिळाला होता, सामान्य लोकांसाठी १८२८ मध्ये तसा हुकूम निघाला, आणि नॉर्वेत १९२३च्या कायद्याने वंशपरंपरागत आडनाव सक्तीचे केले. त्या क्षणी जे पितृनाम होते ते गोठले आणि स्त्रियाही 'सेन' झाल्या. मॅग्नस कार्लसनच्या वडिलांचे नाव कार्ल नाही, हेन्रिक आहे. कार्ल कोणीतरी आधीचा पूर्वज. आइसलँडमध्ये मात्र काहीच गोठले नाही (प्रश्न १६ पाहावा).

१३. नॉर्वेतील हाउगेन, बाक्के, डाल ही आडनावे कशावरून आली?

शेतवाड्यांवरून. नॉर्वेत दाट वस्तीची गावे कमी होती. घर, गोठे आणि जमीन मिळून एक वाडी आणि तिला स्वतःचे नाव, अशी रचना होती. हाउगेन म्हणजे टेकाड, बाक्के म्हणजे उतार, डाल म्हणजे दरी, ली म्हणजे डोंगराची कड, मून म्हणजे सपाट माळ. 'रूड'ने संपणारी नावे जंगल तोडून काढलेल्या जमिनीची असतात. फुटबॉलपटू ओले गुन्नार सोल्शार याच्या आडनावात 'सूर्य' आणि 'समुद्रातला खडक' असे दोन शब्द आहेत.

'कर' लावलेल्या आडनावांशी याचे साम्य आहे, पण एक मूलभूत फरकही आहे. वराडकर मुंबईत गेले, डब्लिनला गेले, तरी वराडकरच राहिले. नॉर्वेत वाडीचे नाव हा जुन्या काळी माणसाचा पत्ता होता. बाक्के वाडीवर राहणारा ओला हान्सेन कुळ म्हणून हाउगेनवर राहायला गेला की नोंदवहीत तो 'ओला हान्सेन हाउगेन' होई. बायकोच्या वाडीवर घरजावई म्हणून गेलेला माणूसही त्या वाडीचे नाव लावी. त्यामुळे अमेरिकेला गेलेल्या सख्ख्या भावांपैकी एकाने पितृनाम, दुसऱ्याने जन्माच्या वाडीचे नाव आणि तिसऱ्याने शेवटच्या वाडीचे नाव कायम केले, असे घडे. आडनाव वेगळे म्हणून नाते नाही, हा निष्कर्ष येथे काढता येत नाही. आणि आडनाव एकच म्हणून नाते आहे, हाही नाही, कारण हाउगेन नावाच्या वाड्या नॉर्वेभर आहेत.

१४. स्वीडिश आडनावांत इतकी झाडे, डहाळ्या आणि ओढे का आहेत?

कारण त्यांतली बरीच आडनावे हौसेने बनवलेली आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शहरात आलेल्या कारागिरांना आणि मध्यमवर्गाला शेतकऱ्याचे पितृनाम नकोसे वाटू लागले आणि त्यांनी निसर्गातील दोन शब्द जोडून नावे घडवली. 'लिंड' म्हणजे लिंडेन वृक्ष, 'बेरी' म्हणजे डोंगर (लेखनात 'बर्ग'), 'स्ट्रोम' म्हणजे प्रवाह, 'ग्रेन' म्हणजे फांदी, 'क्विस्ट' म्हणजे डहाळी, 'लुंड' म्हणजे राई. बर्गस्ट्रोम म्हणजे डोंगर-प्रवाह; पण त्या कुटुंबाच्या घरामागे डोंगर आणि ओढा होता असे समजू नये. अनेकदा एक भाग जन्मगावाच्या नावातून घेतला जाई आणि दुसरा कानाला गोड लागतो म्हणून.

विद्वानांनी आणि पाद्र्यांनी लॅटिन-ग्रीक वळण घेतले. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसचे वडील नील्स इंगेमार्सन यांनी विद्यापीठात नाव नोंदवताना घराजवळच्या एका भव्य लिंडेन वृक्षावरून 'लिनियस' हे आडनाव घेतले. त्याच वृक्षावरून नात्यातील इतरांनी लिंडेलियस आणि टिलियांडर अशी आडनावे केली होती. 'टिलिया' हे त्या वृक्षाचे लॅटिन नाव.

सरदारांची तऱ्हा आणखी निराळी. स्टॉकहोमच्या सरदारसभेची रचना १६२६ मध्ये झाली आणि ढालीवरील चिन्हावरून आडनाव घेण्याची रीत पक्की होत गेली. उक्सेनशेर्ना म्हणजे 'बैलाचे कपाळ', तर 'नाट ओ डाग' म्हणजे चक्क 'रात्र आणि दिवस', कारण त्या घराण्याची ढाल दोन रंगांत आडवी विभागलेली आहे.

सैनिकांची नावे मला सर्वांत रोचक वाटतात. १६८०च्या दशकात स्वीडनचा राजा अकरावा कार्ल याने सैन्याची नवी व्यवस्था लावली: शेतांच्या एका गटाने मिळून एक सैनिक पोसायचा आणि त्याला झोपडी व जमिनीचा तुकडा द्यायचा. एका तुकडीत अँडरसन आणि येन्सन इतके होत की हाक मारली तर दहाजण वळून पाहत. म्हणून अधिकारी आखूड, खणखणीत नावे देत: रास्क (चपळ), मूदिग (धाडसी), स्टार्क (बळकट), स्वार्ड (तलवार), शोल्ड (ढाल), डोल्क (खंजीर). हे नाव बऱ्याचदा झोपडीला चिकटलेले असे. सैनिक गेला की त्याच्या जागी आलेला, रक्ताचा काहीही संबंध नसलेला नवा माणूसही तेच नाव लावी. वंशावळ काढणारे या ठिकाणी हमखास ठेचकाळतात.

१५. डेन्मार्कचे तीन पंतप्रधान रासमुसेन होते. ते एकाच घराण्यातले का?

पॉल न्यूरप रासमुसेन, आंदर्स फॉग रासमुसेन आणि लार्स लोक्के रासमुसेन हे १९९३ पासून एकामागून एक पंतप्रधान झाले, पण त्यांचे आपसांत नाते नाही. पितृनामे गोठल्यावर (प्रश्न १२) देशभर येन्सेन, नील्सेन, हान्सेन, रासमुसेन यांचा इतका सुळसुळाट झाला की आडनावाने माणूस ओळखता येईना. त्यावर डॅनिश लोकांनी मधल्या नावाचा तोडगा काढला. हे मधले नाव बहुधा आईच्या किंवा आजीच्या घराण्याचे असते, आणि डेन्मार्कमध्ये या तिघांचा उल्लेख न्यूरप, फॉग आणि लोक्के असाच होतो.

१६. आइसलँडमध्ये आडनावच नसते, हे कसे?

तेथे पितृनाम अजूनही पितृनामच आहे. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विगदीस फिनबोगादोत्तिर यांच्या नावाचा अर्थ 'फिनबोगीची मुलगी विगदीस'. समजा योन एइनारसन आणि आन्ना हेल्गादोत्तिर यांना ओलाफुर नावाचा मुलगा आणि गुडरून नावाची मुलगी आहे. तर मुलगा होईल योनसन आणि मुलगी होईल योन्सदोत्तिर. चौघांची चार वेगळी उत्तरनावे, कारण विवाहानेही नाव बदलत नाही. महाराष्ट्रात आपण मधे वडिलांचे नाव लावतो, ते लावून आइसलँडचा माणूस थांबतो, असे समजले तर ही पद्धत लगेच कळते.

यातून पुढच्या गोष्टी ओघाने येतात. टेलिफोनची छापील यादी पहिल्या नावाच्या अकारविल्हेने असे आणि राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावाने संबोधतात. आईच्या नावावरून मातृनाम लावण्याची मुभा आहे. हेल्गाचा मुलगा 'हेल्गुसन' होतो. २०१९च्या कायद्याने, स्त्री किंवा पुरुष अशी नोंद नसलेल्या व्यक्तींना 'मूल' या अर्थाचा 'बुर' हा प्रत्यय लावता येऊ लागला.

काही थोड्या घराण्यांना कायम आडनावही आहे, बहुधा परदेशी संबंधामुळे. माजी पंतप्रधान गेइर हार्दे यांचे आडनाव नॉर्वेजियन वडिलांकडून आलेले. नवी घराणेवाचक आडनावे घेण्यास १९२५च्या कायद्याने बंदी घातली. आधीची राहू दिली.

१७. फिनलंडची 'नेन'ने संपणारी आडनावे यांत मोडतात का?

नाही. फिनिश ही स्कँडिनेव्हियन भाषाच नाही. विर्तानेन या आडनावात 'प्रवाह' आहे आणि निएमिनेनमध्ये 'भूशिर'. मात्र फिनलंडमधील पुष्कळ कुटुंबांची पूर्वीची आडनावे स्वीडिश होती. १२ मे १९०६ या दिवशी, विचारवंत आणि राजकारणी स्नेलमन यांच्या जन्मशताब्दीला, हजारो लोकांनी ती बदलून फिनिश नावे घेतली.

१८. अमेरिकेत उतरताना एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, असे सांगतात. खरे का?

घराघरांत सांगितली जाणारी ही कथा टिकत नाही. १८९२ पासून एलिस बेटावर कारकून नवीन नाव लिहून घेत नसत. जहाज कंपनीने निघण्याच्या बंदरातच केलेली यादी घेऊन ते प्रवाशांची तपासणी करत. आडनावे बदलली हे खरे, पण ती नंतर, शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बहुतेक वेळा माणसाच्या स्वतःच्या मर्जीने. आयरिश लोकांची बरीच आडनावे तर मायदेशीच इंग्रजी झालेली होती (प्रश्न ५ आणि ६).

१९. आडनावाचे कुलचिन्ह विकत घेतले तर चालते का?

भिंतीवर शोभेसाठी लावायला हरकत नाही. युरोपीय परंपरेत कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिले जाते, त्या आडनावाच्या सगळ्यांना नाही. आयर्लंडमध्ये १९४३ पासून हे काम तेथील मुख्य कुलचिन्ह अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे आहे. प्रत्येक मर्फीला लागू पडणारे चिन्ह विकणारे दुकान म्हणजे स्मरणवस्तूंचे दुकान समजावे.

२०. माझ्या ओळखीच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

आयर्लंडसाठी १९०१ आणि १९११ची जनगणना तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे. त्याआधीचे काम अवघड आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील काही जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले आणि बाकीचे बहुतेक १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागार जळाले तेव्हा गेले. त्या पोकळीत ग्रिफिथ यांनी केलेली मालमत्ता-मोजणी (१८४७ ते १८६४) उपयोगी पडते. तिच्यावरून ते आडनाव कोणत्या परगण्यात दाट होते, हे दिसते. शोधताना उपसर्गासह, उपसर्गाशिवाय आणि भाषांतरित अशा तिन्ही रूपांनी शोधावे.

स्कँडिनेव्हियात चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणना मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन आहेत. स्वीडनमध्ये पाद्री घरोघरी जाऊन वाचन आणि धर्मज्ञान तपासत. त्या भेटींच्या वह्यांत एकेका घरातील माणसे वर्षानुवर्षे नोंदलेली सापडतात. नॉर्वेच्या नोंदी त्यांच्या डिजिटल अभिलेखागारात आहेत, आणि तेथे आडनावाने शोध घेणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. आधी वाडीचे नाव आणि चर्चचा परगणा निश्चित करावा, मग जन्मवर्ष आणि वडिलांचे पहिले नाव धरून त्या वाडीवरची माणसे एकेक करून तपासावीत.